उणे ओढ

निकाल आला तेव्हा वृषाली फराळाचे रिकामे डबे पुसून फळीवर चढवत होती. दिवाळी संपली होती आणि सोमवारपासून पुन्हा धडे सुरू व्हायचे होते. शाल्मलीनं टॅबलेट आणून ओट्यावर ठेवला.

"माझे चौदा मार्क वाढलेत," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

मार्क वाढल्यावर सोळा वर्षांची मुलगी अशी पाठ फिरवून जात नाही. वृषालीनं हात कोरडे केले. पडद्यावर गृहशिक्षण मंडळाचं पत्रक होतं. शाल्मली धनंजय डुबल, इयत्ता दहावी, पहिलं सत्र, तोंडी आणि लेखी मिळून. आईनं दिलेले गुण एकसष्ट. ओढ उणे चौदा. अंतिम गुण पंच्याहत्तर. खाली लहान अक्षरांत सूचना होती. ओढ उणे दहाच्या खाली गेल्यास समुपदेशक घरी भेट देतील, गरज पडल्यास गृहशिक्षणाच्या परवानगीचा फेरविचार होईल.

कराडात घरी शिकणाऱ्या मुलांच्या आयाबापांचा एक ग्रुप होता. त्यावर सकाळपासून थट्टा चालली होती. कुणाची ओढ अधिक नऊ, कुणाची अधिक बारा. नातीला शिकवणाऱ्या एका आजोबांची तर अधिक एकवीस निघाली होती आणि सगळे त्यांच्याकडे पेढे मागत होते. उणे कुणाचीच नव्हती. वृषालीनं आपला आकडा ग्रुपवर टाकला नाही.

घरी शिकणाऱ्या मुलांचं हे दुखणं जुनं होतं. शिकवणारी आई, प्रश्न काढणारी आई आणि तपासणारीही आईच. अशा गुणांवर विश्वास कोण ठेवणार? कॉलेजं ते बाजूला सारत. बाहेरचे परीक्षक नेमून पाहिले, तर मूल कुठून निघून कुठवर आलंय हे त्यांना ठाऊक नसे. शेवटी मंडळानं वेगळाच रस्ता धरला. आईबापांची माया थांबवता येत नसेल तर ती मोजावी आणि वजा करावी, दूध तोलताना किटलीचं वजन वजा करतात तसं. त्यासाठी 'समतोल' नावाची यंत्रणा यंदापासून लागू झाली होती.

तिची रीत समजायला अवघड नव्हती. तोंडी परीक्षा दोनदा होई. एकदा घरी, आईसमोर बसून. दुसऱ्यांदा पडद्याआड. त्या फेरीत मूल मंडळाच्या केंद्रात बसे, आई घरी असे आणि मधल्या वाटेवर समतोल दोघांचेही आवाज बदलून टाकी. नुसती पट्टी नव्हे, तर हेल, वेग, शब्दांची निवड, सगळंच. माणूस जसा आवाजावरून ओळखू येतो तसाच तो कुठे अडखळतो, किती वेळ गप्प राहतो यावरूनही ओळखू येतो. म्हणून समतोल बोलणं काही सेकंद अडवून ठेवी आणि मधल्या शांततांत 'हं', 'म्हणजे' असे छोटे आवाज भरून त्या बुजवून टाकी. आईपुढे अशी सहा मुलं येत. त्यातलं एक तिचं असे, पण कुठलं ते तिला कळत नसे. समोर आई आहे हे मुलालाही कळत नसे. लेखीचंही तसंच, तीच उत्तरं एकदा मुलाच्या अक्षरात आणि एकदा परक्या अक्षरात, थोड्या फिरवलेल्या वाक्यांत. तपासणाऱ्याच्या मनगटावर पट्टा बांधलेला असे आणि समोर कॅमेरा. नाडी, बुबुळांचा आकार, नजर कुठे थांबते, सगळ्याची नोंद होई, म्हणजे कुणी मुद्दाम हात आखडता घेतला तर लक्षात यावं. आपलं म्हणून दिलेल्या गुणांतून परकं समजून दिलेले गुण वजा केले, की जे उरे ती ओढ.

वृषाली लग्नाआधीपासून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. शाल्मली नऊ वर्षांची असताना तिला शाळेत लागोपाठ दोनदा फिट आली. शाळेनं गोड शब्दांत सांगितलं, की मुलीसोबत दिवसभर कुणीतरी घरचं माणूस बसवा. त्यापेक्षा घरीच शिकवावं म्हणून वृषालीनं नोकरी सोडली. तिचा नवरा धनंजय धरणावरच्या वीजकेंद्रात होता आणि आठवड्याच्या सुट्टीलाच घरी येई. औषधांनी फिट आटोक्यात आल्या. गेल्या चार वर्षांत एकही आली नव्हती आणि डॉक्टरांनी आता गोळ्या थोड्या थोड्या कमी करायला घेतल्या होत्या. शाळेत परत जायचा विषय मात्र मधल्या काळात राहून गेला तो गेलाच.

समतोलची माहिती वाचली तेव्हा वृषालीला ती रीत पटली होती. प्रयोगशाळेत एक नमुना कोरा ठेवतात आणि त्याच्याशी बाकीचे ताडून बघतात, त्यासारखीच ही गोष्ट होती. आकडा असा येईल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

आणि तिला सप्टेंबरातली ती मुलगी आठवली.

पडद्याआडच्या फेरीतली चौथी. बोलण्यात कोकणी हेल होता. बर्फ पाण्यावर का तरंगतो, असं वृषालीनं विचारलं होतं. मुलीनं व्याख्या सांगितली नाही. ती म्हणाली, मैदानावर पोरं दाटीनं कशीही उभी राहिली तर खूप मावतात, पण एकमेकांचे हात धरून कडं करा म्हटलं की जागा जास्त लागते. पाण्याचे कण गोठताना हात धरतात, म्हणून बर्फ फुगतो आणि हलका होतो. वृषालीला इतका आनंद झाला की ती परीक्षा विसरून मुलीशी बोलत बसली. त्या रात्री जेवताना तिनं सांगितलंही, की आज एक मुलगी आली होती, कुणाची आहे कोण जाणे, पण काय विचार करते. शाल्मलीनं मान वर न करता विचारलं होतं, "माझ्यापेक्षा?" आणि वृषाली म्हणाली होती, "तिच्याकडून शिकण्यासारखं आहे."

त्यावर शाल्मली म्हणाली होती, की मलापण आज एक मॅडम होत्या, फार छान होत्या.

त्याच आठवड्यात घरच्या फेरीत शाल्मली घामानं अंग गार का होतं हे सांगत होती. तिनं असंच काहीतरी पोरांचं आणि मैदानाचं काढलं होतं आणि वृषालीनं तिला मध्येच तोडलं होतं. गोष्टी नकोत, बाष्पीभवन सांग.

दुपारी ती मुलीच्या खोलीकडे गेली तेव्हा दार लोटलेलं होतं. निकालाबरोबर आपल्या परीक्षेचं ध्वनिमुद्रण ऐकायचा हक्क विद्यार्थ्याला होता आणि तिथे परीक्षकाचा आवाज मूळचा ठेवलेला असे. आतून वृषालीचाच आवाज येत होता. सावकाश, बाळ. घाई करू नकोस, तू बरोबर चालली आहेस. मग ती हसल्याचा आवाज. मग पुन्हा तेच पहिल्यापासून. सावकाश, बाळ.

वृषालीनं दार ढकललं नाही. ती परत स्वयंपाकघरात आली आणि पुसलेले डबे पुन्हा पुसायला लागली.

शनिवारी धनंजय आला. त्यानं आकडा बघितला आणि हसण्यावारी नेला. घरची कोंबडी डाळीइतकी, असं काहीसं तो म्हणणार होता, पण बायकोचा चेहरा बघून गप्प बसला. मग म्हणाला, की पुढच्या वेळी दहा मार्क जास्त देऊन टाक, मिटेल. वृषालीनं त्याला पट्ट्याबद्दल समजावून सांगितलं. आकडा बदलता येतो, नाडी बदलता येत नाही.

तरी तिनं आठवडाभर प्रयत्न केला. शाल्मली गणित सोडवून आली की वा म्हणायचं. निबंध वाचताना मान डोलवायची. शाल्मलीनं दोन दिवस ऐकून घेतलं.

"आत्ता तुझ्या हातात पट्टा नाहीये, आई," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "आत्ता कशाला?"

नोव्हेंबरच्या अखेरीस समुपदेशक आल्या. नसीमा मुल्ला, पन्नाशीच्या, आधी शाळेत शिकवलेल्या. त्यांनी चहा घेतला, शाल्मलीशी गच्चीत बराच वेळ एकट्यानं बोलल्या आणि मग खाली येऊन वृषालीसमोर बसल्या. बसता बसताच त्यांनी सांगितलं, की तुमची मुलगी तुमच्याबद्दल वाईट बोलली नाही. मग त्यांनी एक आलेख उघडला. वरची रेघ शाल्मलीच्या बोलण्याची होती, ती जिथे गप्प झाली तिथे सपाट. खालची रेघ वृषालीच्या नाडीची. वरची रेघ जिथे जिथे सपाट झाली होती, तिथे तिथे खालची रेघ सुळक्यासारखी चढली होती. आणि प्रत्येक सुळक्यानंतर वृषालीनं मुलीचं बोलणं तोडलं होतं.

"यंत्र फरक सांगतं ताई, कारण नाही सांगत," मुल्लाबाई म्हणाल्या. "ते तुम्हीच सांगायचं."

वृषालीनं एका सुळक्यावर बोट ठेवलं. शाल्मलीच्या शाळेतल्या दोन्ही फिट अशाच सुरू झाल्या होत्या. बोलता बोलता ती थांबली होती. काहीतरी आठवतंय असा चेहरा, पापण्या किंचित फडफडल्या आणि मग ती कोसळली. पहिली वृषालीनं पाहिली नव्हती, वर्गाच्या बाईंनी सांगितली होती. दुसरी तिच्या डोळ्यांदेखत झाली होती, शाळेच्या फाटकात.

"ती गप्प झाली की मी उत्तर ऐकतच नाही," ती म्हणाली. "मी पापण्या बघते. आणि ती पुन्हा बोलेपर्यंत मला थांबवत नाही, म्हणून मीच बोलते."

"म्हणजे भीती."

"भीतीच." मग तिला वाटलं, एवढं सांगून सुटणं खरं नाही. "पण नुसती भीती असती तर आवाज एवढा कडू झाला नसता. सात वर्षं मी तिच्या पापण्या बघतेय. कधी कधी मला तिचा राग येतो. तिनं काहीच केलेलं नसतं तरी."

मुल्लाबाईंनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी दोन पर्याय सांगितले. एक, बाहेरचा शिक्षक नेमायचा आणि वृषालीनं शिकवणं थांबवायचं. दोन, समतोलची वाट रोजच्या धड्यांसाठी उघडून घ्यायची. आई खाली, मुलगी वर, मध्ये बदललेले आवाज. काही घरांत याचा उपयोग झाला होता. शाल्मलीनं काय निवडलंय हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

"ती म्हणाली, मला त्या मॅडम पाहिजेत."

त्या हिवाळ्यात डुबलांच्या घरात एक विचित्र शाळा भरू लागली. सकाळचा चहा तिघं नाहीतर दोघी एकत्र घेत. मग शाल्मली जिना चढून वर जाई, वृषाली खालच्या खोलीत टेबलाशी बसून मनगटाला पट्टा बांधी, कानात यंत्र घाली, आणि एक कोकणी हेलाची मुलगी म्हणे, "गुड मॉर्निंग, मॅडम."

पलीकडे कोण आहे हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी पहिल्या चार वाक्यांतच ते ठाऊक असणं मागे पडे. वृषालीच्या आवाजातला कडवटपणा जाई. ती प्रश्न विचारून उत्तराची वाट बघू शके. मध्ये ते 'हं, म्हणजे' चालू असे, ओढ्याच्या पाण्यासारखं, आणि कुठेच खड्डा नसे. शाल्मलीही बदलली. ती शंका विचारू लागली. वर्गसमीकरणं तिला कधीच कळली नव्हती आणि कळल्यासारखं ती तीन महिने दाखवत आली होती, हे तिनं मॅडमना सांगून टाकलं. निबंधात तिनं नदीकाठच्या घाटाबद्दल लिहिलं. मी तिथे एकटी कधी गेले नाही म्हणून तो मला दुसऱ्यांच्या बोलण्यातूनच माहीत आहे, असं त्यात होतं. वृषालीनं त्याला वीसपैकी अठरा दिले.

एकदा धडा संपल्यावर मुलगी म्हणाली, "मॅडम, मला बारावीनंतर नाही, आत्ताच बाहेर जायचंय. अकरावीला. कोल्हापूरला हॉस्टेल आहे."

"आईला सांगितलंस?"

"आईला सांगता येत नाही. ती ऐकत नाही, ती बघत असते."

वृषालीनं मॅडमच्या आवाजात सांगितलं, की सांगून तर बघ. त्या संध्याकाळी कांदा चिरताना ती वाट बघत राहिली. शाल्मली शेजारी कोथिंबीर निवडत होती. ती काही बोलली नाही, आणि वृषालीलाही विचारता आलं नाही, कारण ते तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

जानेवारीच्या मध्यावर एके सकाळी आम्ल आणि अल्कलीचा धडा चालला होता. दर्शक रंग का बदलतो, असं वृषालीनं विचारलं. मुलगी सुरुवात चांगली करून मध्येच विचारात पडली.

"हं," मुलगी म्हणाली. "म्हणजे..."

"सावकाश," वृषाली म्हणाली. आपल्याला थांबता येतंय याचं तिला बरं वाटलं. तिनं मनगटाकडे पाहिलं. पट्ट्यावर नाडी अगदी संथ होती.

"म्हणजे... हं... म्हणजे..."

"विचार कर. मला घाई नाही."

"हं," मुलगी पुन्हा म्हणाली, त्याच गोड हेलात. "म्हणजे..."

मग छतातून दणका आला. खुर्ची पडल्याचा आणि खुर्चीहून जड काहीतरी पडल्याचा. वृषाली जिन्याकडे धावली तेव्हाही कानात ती मुलगी शांतपणे म्हणत होती, म्हणजे, म्हणजे.

शाल्मली टेबलाखाली वाकडी पडली होती. अंग झटके देत होतं आणि कपाळावर टेबलाची कड लागून रक्त येत होतं. वृषालीनं सात वर्षं मनात घोकलेलं सगळं केलं. खुर्ची लांब सारली, डोक्याखाली उशी दिली, कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, घड्याळ बघितलं. झटके आपोआप थांबले. थोड्या वेळानं शाल्मलीनं डोळे उघडले. तिला समोरचा चेहरा दिसत होता, पण ओळखू येत नव्हता.

"मॅडम," ती जडावलेल्या जिभेनं म्हणाली, "माझं उत्तर राहिलंय."

डॉक्टरांनी कपाळाला टाके घातले आणि गोळ्या पूर्वीच्या मात्रेवर नेल्या. त्यांच्या मते काळजीचं फारसं नव्हतं, औषध कमी करताना असं कधी कधी होतं. वृषालीनं विचारलं, की ती किती वेळ गप्प होती हे कळेल का. ते त्यांच्याकडे नव्हतं. समतोलकडे होतं. तिनं मूळ मुद्रण काढून ऐकलं, तर दणक्याआधी बऱ्याच वेळापासून खोलीत कुणीच बोलत नव्हतं. ज्या मुलीशी ती इतक्या मायेनं बोलत आली होती, ती गप्प बसणं काढून टाकलेली मुलगी होती. शाल्मलीतून तेवढं काढलं, की वृषालीला तिच्यावर माया करता येत होती.

टाके निघायच्या आतच तिनं ती वाट बंद करायला मंडळाला कळवलं. शाल्मलीला हे संध्याकाळी समजलं. ती जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. कपाळावर पट्टी होती.

"आता पुन्हा तू बघत बसणार," ती म्हणाली.

"तू पडलीस तेव्हा मी खाली बसून सावकाश, सावकाश म्हणत होते. ते यंत्र तुझ्या जागी बोलत होतं."

"माहितीय. ऐकलं मी."

"मग?"

शाल्मली लगेच बोलली नाही. वृषालीची नजर आपोआप तिच्या पापण्यांवर गेली आणि शाल्मलीनं ती नजर पकडली.

"हे बघ, हेच," ती म्हणाली. "फिट यायची तेव्हा येईल. तू बघितलंस तरी येईल. पण राहिलेला वेळ माझा आहे ना, आई? मी गप्प बसले की दर वेळी मी आजारी नसते. बहुतेक वेळा मी विचार करत असते."

शाल्मली उठून वर गेली. एवढ्या वर्षांत ही मुलगी आपल्याशी, स्वतःच्या आवाजात, एका दमात एवढं कधी बोलली होती, हे आठवायचा वृषालीनं प्रयत्न केला.

धडे पुन्हा समोरासमोर सुरू झाले आणि वाईट गेले. वृषाली थांबायचं ठरवी आणि तोडून टाकी. मग माफी मागे आणि ते तोडण्याहून वाईट होई. बाहेरचा शिक्षक नेमायचा अर्ज तिनं भरून ठेवला होता. पण शेवटच्या सत्राची घरची फेरी आईनंच घ्यायची, असा नियम होता. पडद्याआडची फेरी त्याआधी झाली. समोर आलेल्या सहाही मुलांच्या 'म्हणजे'मागे तिला आता शांतता ऐकू येई, आणि प्रत्येक वेळी तिचा जीव घाबरा होई. आपलं कुठलं हे तिला तेव्हाही कळलं नाही. त्यामुळे सहाही जणांच्या वेळी तिला पाय जमिनीला घट्ट टेकून बसावं लागलं.

घरच्या फेरीच्या आदल्या दिवशी तिनं मुल्लाबाईंना फोन करून एक गोष्ट विचारली, की परीक्षकानं विद्यार्थ्याकडे बघितलंच पाहिजे का. त्यांनी नियम शोधून सांगितलं, की एकाच खोलीत असलं म्हणजे पुरे, बघण्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही.

मार्चमधली ती सकाळ उकाड्याची होती. शाल्मली समोर येऊन बसली. वृषालीनं पट्टा बांधला, कॅमेरा सुरू केला आणि मग उठून आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"हे काय?"

"साबणानं तेलकट डाग कसा निघतो ते सांग," वृषाली भिंतीकडे बघत म्हणाली. "मी ऐकतेय."

शाल्मलीनं सुरुवात केली. पाणी आणि तेलाचं जमत नाही. साबणाच्या रेणूला एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं, आणि एक शेपटी असते. मग ती थांबली.

भिंतीवर रंगाचा पोपडा निघाला होता, त्यावर वृषालीनं डोळे रोखले. मागे काय चाललंय हे दिसत नव्हतं, म्हणून ती ऐकत राहिली. या शांततेत ती आजवर कधी गेलीच नव्हती, बाहेरूनच तिच्यावर दगड मारत आली होती. आत बरंच काही होतं. टेबलावर नख घासल्याचा आवाज होता. पेनाचं टोपण काढून पुन्हा बसवल्याचा होता. घेतलेला आणि अर्ध्यातच सोडलेला श्वास होता. कुणीतरी तिथे काम करत होतं.

"शेपटीला तेल आवडतं," शाल्मली म्हणाली. आणि पुढे गेली.

असं चार-पाच वेळा झालं. शेवटची शांतता सगळ्यांत लांब होती. नख नाही, टोपण नाही, श्वासही ऐकू येईना. जानेवारीतली सकाळ वृषालीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. वळलं तर फार तर एक परीक्षा जाईल, नाही वळलं तर काय जाईल ते तिला माहीत होतं. तिनं खुर्चीचे हात धरले. तिचे पाय उठायला लागले होते, ते तिनं खाली दाबून धरले.

"नाही," शाल्मलीचा आवाज आला. "मघाशी मी चुकीचं सांगितलं. परत सांगते."

तिनं परत सांगितलं आणि जाता जाता दुसरी एक चूक केली. कठीण पाण्यात फेस का होत नाही, तिथे ती कॅल्शियमऐवजी सोडियम म्हणाली. वृषालीनं वीसपैकी पंधरा लिहिले.

निकाल मेमध्ये आला. अंतिम गुण ब्याऐंशी, ओढ उणे दोन. मंडळाच्या हिशेबी एवढा फरक म्हणजे फरक नाहीच. परवानगीचा प्रश्न मिटला, कोल्हापूरच्या कॉलेजचा मार्ग मोकळा झाला. धनंजयनं बाजारातून पेढे आणले आणि शेजारी वाटायला गेला. घरात दोघीच उरल्या. शाल्मलीनं आकड्यांखालचा आलेख उघडला.

ती बराच वेळ बघत होती. वृषालीनं मध्ये बोलायचं टाळलं.

"खालची रेघ पहिल्या सत्राहून वाईट आहे," शेवटी शाल्मली म्हणाली. "ही इथली तर कागदाबाहेर जायला आलीय. इथे मी कुठे होते?"

"शेवटी. तू परत सांगते म्हणालीस, त्याच्या आधी."

"मला वाटलं होतं, तुला आता काही होत नाही. तुझी पाठ इतकी ताठ होती." तिनं बोटानं तो सुळका मोठा करून पाहिला. "आणि तरी वळली नाहीस."

"नाही."

"मी हॉस्टेलला गेले की तुला असंच होणार?"

"हो."

"रोज?"

"बहुतेक रोज."

शाल्मलीनं टॅबलेट बंद करून मांडीवर ठेवला. आईच्या छातीत जे काही होतं ते कमी करायचं काम आपलं आहे की नाही, याचा ती विचार करत असावी. सोळाव्या वर्षी कुणालाही हा विचार करावा लागू नये, असं वृषालीला वाटलं. पण तो थांबवायला तिच्याकडे काही नव्हतं.

"मी फोन करत जाईन," शाल्मली म्हणाली. "पण रोज नाही."

"चालेल," वृषाली म्हणाली. आणि ते चालणार नाही हे दोघींनाही कळत होतं.